आलं आणायला पाठवलंय

निकुंभ साहेब कुणाच्याही घरी पुढच्या दाराने जात नाहीत. आमचा ब्लॉक तळमजल्यावर, त्यामुळे मागे धुण्याची मोरी आणि तिला पत्र्याचं एक दार. साहेब तिथून येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी परकर वाळत घालत होते. ते मोरीच्या जाळीशी वाकले आणि म्हणाले, "वहिनी, साबण जरा कमी वापरत जा. हा फेस कुठे जातो, विचार केलाय कधी?" मी म्हटलं, "साहेब, बेल पुढे आहे." तर म्हणाले, "पुढून पाहुणे येतात. पुढून काय दिसतं? सोफा."

आता हा माणूस माझा साहेब, वर शेजारी, वर वयाने मोठा. मी परकर बादलीत टाकला आणि चहा ठेवायला आत निघाले. लगेच मागून आवाज आला, "चहा नको." हेही त्यांचं ठरलेलं. ते कुणाकडे चहा घेत नाहीत. का घेत नाहीत ते सांगितल्याशिवाय साहेब कळायचे नाहीत, म्हणून आधी तेच सांगते.

मी सिल्वासाला पाण्या-हवेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. पाटीवरचं नाव लांबलचक आहे, पण रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. कारखान्यांचं सांडपाणी आणि धूर तपासायचं आमचं काम. मूळची मी लांज्याची. आमचे हे इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागले आणि आम्ही इथलेच झालो. ऑफिसात मी साहेब पुष्कळ पाहिले. बरेचसे लांबून बदलून आलेले असत आणि आल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीत असत. कारखाना म्हणजे चिमणी, एवढं त्यांना माहीत असे. एका साहेबांनी तर वर्षभर राखोली आणि रांधा ही एकाच गावाची दोन नावं समजून कारभार केला, आणि काही बिघडलं नाही.

मग वरून हुकूम आला की या वेळी उद्योगातला जाणकार माणूस नेमायचा. नाव निघालं निकुंभांचं, आणि सगळं सिल्वासा हसलं.

निकुंभांची सगळी नोकरी राखोलीच्या एका डाईंग कारखान्यात गेली होती. डाईंग म्हणजे सूत रंगवायचं काम. रंगाचं पाणी खूप निघतं आणि ते साफ करून सोडावं लागतं. आधी ते तिथे रंग तयार करायचे, पुढे त्यांच्या कार्डावर 'पर्यावरण व्यवस्थापक' असं छापून आलं. हे पर्यावरण म्हणजे आम्ही. आमची जीप आली की आम्हाला सांभाळायचं, हा त्यांचा हुद्दा. वॉचमनची शिट्टी वाजली की निकुंभ स्वतः हात जोडून पायऱ्या उतरत. "या या साहेब, केवढं ऊन आहे. आधी पंख्याखाली बसा. चहा आल्याचा चालेल ना?" आल्याच्या चहाला नाही कोण म्हणतं? जरा वेळाने ते आत जाऊन येत आणि ओशाळून सांगत, "आलं संपलंय साहेब. आणायला पाठवलंय, येतंच आहे."

ते आलं नाक्यावरून येईपर्यंत, धुऊन ठेचून चहात उकळेपर्यंत, मागे नाल्यात स्वच्छ पाण्याचा नळ पूर्ण सोडलेला असे. मग आमचा इन्स्पेक्टर बाटली भरायला जाई तेव्हा त्या पाण्याने देवपूजा करावी, इतकं ते नितळ. आमच्या लोकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण चहा फार छान असायचा.

ही युक्ती एका कारखान्यापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण चांगली गोष्ट पसरतेच. आज बाजारात जाऊन बघा, भाजीवालीकडे आल्याचे ढीग लागलेले आणि कारखान्यात जाल तिथे आलं नेमकं संपलेलं. आणि त्याचे मूळपुरुष आमच्या खुर्चीत येऊन बसले. कारखानदार मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. राखोलीच्या कारखान्याचे मालक हसमुखशेठ, ज्यांनी साहेबांसाठी वरपर्यंत शब्द टाकला होता, ते माइकवर बोलले, "आपला माणूस गेला तिथे. आता कोणी घाबरायचं नाय." आमचे हे घरी येऊन म्हणाले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." मी म्हटलं, "आजवर ज्यांच्या हाती होत्या त्यांना कुलूप कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं."

पहिल्या दिवसाची हकिगत साहेबांनी मला स्वतः सांगितली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. सकाळी त्यांना न्यायला सरकारी जीप सोसायटीच्या गेटात आली. साहेब गॅलरीत दात घासत होते. जीप दिसल्याबरोबर, तोंडात ब्रश तसाच, त्यांनी राखोलीला फोन लावला. "गाडी आली रे भो, पानी सोड." तिकडे पाणी सोडलं, खुर्च्या मांडल्या, माणूस आलं आणायला पिटाळला. जीप काही आली नाही. ती साहेबांना घेऊन ऑफिसला गेली होती. दुपारी त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी परत फोन करून नळ बंद करायला सांगितलं. "पानी फुकट जात होतं ना," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता ऑफिसला कुलूपच लावावं. कशाचं काय. महिना गेला नाही तोच साहेबांनी गावाला घाम फोडला. ते मागच्या गेटने शिरत. खुर्चीवर बसत नसत. मॅनेजर धावत येऊन "साहेब, आल्याचा..." म्हणायला लागला की साहेब खिशातून आल्याचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवत. "हे घ्या आलं. उकळा आणि तुम्हीच प्या. मी तोवर मागे जाऊन येतो." साहेब शिरपूरकडचे. रागावले किंवा खुशीत आले की त्यांच्या तोंडून अहिराणी निघते. मॅनेजर काही सांगू लागला की हात वर करून म्हणत, "माले बठ्ठं माहीत शे." मला सगळं माहीत आहे. आणि खरंच माहीत असे. भिंतीमागचा पाइप, टाकीखालची टाकी, फळीखालचा नाला. कुठे काय दडवलेलं आहे हे त्यांना शोधावं लागत नसे. आपणच ठेवलेली वस्तू काढून आणावी तसे ते जात आणि घेऊन येत. त्यातलं निम्मं खरोखर त्यांनीच सुचवलेलं होतं.

हे खूळ ऑफिसपुरतं राहिलं असतं तरी मी काही बोलले नसते. ऑफिसची सहल वासोण्याच्या पार्कात नेली. जाळीच्या गाडीत बसून सगळे सिंह बघतायत, पोरं किंचाळतायत, आणि साहेब ड्रायव्हरला विचारतायत, पिंजरे धुतल्यावर पाणी कुठे सोडता? मी म्हटलं, "अहो साहेब, सिंह बघा की, समोर येऊन बसलाय." साहेब म्हणाले, "बाई, कोणी आपणहून समोर येऊन बसलं ना, की समजायचं, मागे काहीतरी चाललंय." सिंहाने जांभई दिली. मला तर त्या सिंहाचाच संशय येऊ लागला.

ऑफिसात मी 'बाई' आणि घरी 'वहिनी'. हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही.

पण एक जागा अशी होती, जिथे साहेब गेले नव्हते. राखोलीचा त्यांचा जुना कारखाना. हे ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना दिसत होतं, आणि कारणही सगळ्यांना माहीत होतं. कारण म्हणजे रविवार.

साहेबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात. घरात टीव्ही आहे, तो ते लावतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. मात्र रविवारी दुपारी कपडे वाळत घालताना मला त्यांच्या गॅलरीत इस्त्री चाललेली दिसायची. पांढरा शर्ट, कॉलर दोनदा. संध्याकाळी ते हसमुखशेठच्या बंगल्यावर जायचे, आणि तिथे मात्र पुढच्या दाराने. शेठचा एक पत्र्याचा शेड आणि एक जुनं मशीन होतं, तेव्हापासून हे दोघं बरोबर. आता दोघं झोपाळ्यावर बसतात, एकमेकांना कुठल्या गोळ्या चालू झाल्या ते सांगतात, खिचडी-कढी खातात. शेठ म्हणतात, "चा पीधा वगर न जवाय," चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि साहेब चहा घेतात. जगात तेवढ्या एकाच घरी. आठवड्यातला तेवढा एक चहा गेला तर त्या माणसाकडे काय उरेल, हे मला त्यांच्या गॅलरीतल्या त्या इस्त्रीवरून दिसत होतं. म्हणून मी, जी कुणालाही तोंडावर बोलते, तीही राखोलीचं नाव काढत नव्हते.

नाव काढलं ते जानीबेनने. जानीबेन राखोलीच्या खालच्या अंगाच्या पाड्यावरची. एका दुपारी ती कापडाचं बोचकं घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि ते सोडलं. आत धोतर होतं. जांभळं.

"सासऱ्याचं हाय," ती म्हणाली. "पांढरं नेलं नदीवर, धुतलं, नि असं आलं. आता म्हातारा टॉवेल गुंडाळून बसलाय. पोरीचं लगीन हाय परवा, मान त्याचा, नि तो बोलतो, मी काय नवरी हाय का?"

मी हसू दाबलं. साहेबांनी धोतर हातात घेतलं, खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. बोट ओलं करून कापडावर घासलं. पुन्हा घासलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. "पक्का आहे," ते म्हणाले. "उन्हानं जाणार नाही, सोड्यानं जाणार नाही. दहा वेळा धुवा, असाच राहील." मुलाचा पहिला नंबर आल्यावर बाप बोलतो तो सूर. मग धोतराची घडी घालू लागले, ती नीट जमेना.

"राखोलीचा जांभळा शे हा," ते हळूच म्हणाले. "मीच बसवला होता हा रंग. सहा महिने खपलो होतो त्याच्यावर."

जानीबेनला यात अडचण दिसली नाही. "तुमीच बसवला," ती म्हणाली, "तं तुमीच काढा."

ती गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, "बाई, आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"मग सोमवारी जाऊ राखोलीला. पंचनाम्याला तुम्ही चला."

शनिवारीही जाता आलं असतं. ऑफिस चालू होतं, जीप मोकळी होती. पण मध्ये एक रविवार येत होता, आणि तो त्यांना हवा होता. त्या रविवारी कॉलर तीनदा झाली.

सोमवारी जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "शेठना सांगितलंत?" म्हणाले, "नाही सांगितलं. सांगायचं नसतंच. पण एकदा अगदी ओठावर आलं होतं, तेवढ्यात शेठनं खिचडीवर तूप वाढलं."

राखोलीला ड्रायव्हरने सवयीने मागच्या गल्लीकडे वळण घेतलं. साहेब म्हणाले, "आज पुढून घे."

मी चाटच पडले. पण पुढच्या गेटात पोचलो आणि कळलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. वॉचमनसुद्धा नव्हता. निकुंभ साहेब मागून येतात, हे आता सगळ्या सिल्वासाला पाठ झालं होतं, त्यामुळे सगळे मागे होते. साहेबांनी स्वतः उतरून गेट उघडलं. ऑफिसच्या व्हरांड्यालगत जास्वंदीची दाट झुडपं होती, तिथे ते सरळ गेले, फांद्या बाजूला सारल्या. मागे लोखंडी चाकाचा व्हॉल्व्ह. हाच तो स्वच्छ पाण्याचा. खिडकीतून जीप दिसली की दोन पावलांत हात पोचावा म्हणून तो त्यांनीच तिथे बसवून घेतला होता, जास्वंदही त्यांनीच लावलेली. साहेब कठड्यावर टेकले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि आमच्याबरोबर आलेल्या ऑफिसच्या केमिस्टला म्हणाले, "जा, नाल्यावरून भरून आण. सावकाश भर. मी बसलोय इथे."

केमिस्ट बाटल्या घेऊन आला. कोकमाचं सरबत म्हणून कुणीही पाहुण्याला देऊन टाकलं असतं.

तोवर मागे बातमी पोचली होती. हसमुखशेठ काठी टेकत कारखान्याला वळसा घालून आले. ऊन बरंच होतं, शेठना दम लागला होता. साहेब उठले नाहीत. उठले असते तर हात चाकावरून सुटले असते.

"निकुंभ, मागे खुर्ची ठेवली होती तुझ्यासाठी," शेठ म्हणाले. "चा पण सांगितला."

"आल्याचा?"

"आलं आणायला पाठवलंय," शेठ म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी काठीकडे बघितलं. "तुझ्यासाठी मी किती ठिकाणी शब्द टाकला, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे शेठ."

"ते ह्याच्यासाठी?"

साहेबांनी जरा विचार केला. "शेठ, सगळं माहीत असलेला माणूस पाहिजे, असं तुम्हीच सांगितलं होतं ना तिथे. आता मला माहीत आहे. त्याला मी काय करू?"

मी पंचनामा लिहिला. रंगाचा विभाग बंद, बाकीचा कारखाना चालू. सांडपाण्याची मोठी टाकी दुरुस्त होईपर्यंत जांभळा थेंब बाहेर जायचा नाही. टाकी कुठे फुटली आहे आणि कशी सांधायची, तेही साहेबांनी शेठना समजावून सांगितलं, जणू अजून त्यांचाच पगार घेत होते. शेठ ऐकत होते. मान हलवत होते. सगळं झाल्यावर साहेबांनी चाकावरचे हात काढले, रुमालाने गंज पुसला आणि विचारलं, "शेठ, रविवारी येऊ ना?"

शेठ जास्वंदीकडे बघत म्हणाले, "रविवारी आम्ही वापीला जाणार. साळ्याकडे."

"बरं."

"पुढच्या रविवारी पण तिकडेच."

"बरं शेठ."

जीप दमणगंगेच्या पुलावर आली. साहेब म्हणाले, "बाई, शेठचा साळा तर सुरतला असतो."

मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. दुसऱ्या कुणाला मी काहीतरी बोलले असते, माणसं अशीच असतात, जाऊ द्या, वगैरे. त्यांना ते बोलायची सोय नव्हती. त्यांना बठ्ठं माहीत होतं.

कारखानदारांच्या तोंडी 'आपला माणूस' जाऊन 'तो माणूस' आला. जानीबेन एकदा सांगून गेली की सासरा शेवटी तेच जांभळं धोतर नेसून लग्नाला बसला, आणि दोघातिघांनी विचारलं, कुठून घेतलंस. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रंग चांगला होता हो तो," आणि सहीला कागद पुढे ओढला.

मग रविवार आला. दुपारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर समोरच्या गॅलरीत इस्त्री चालू. सवयीचं काम, हाताला कुठे कळतं की आज जायचं नाही. संध्याकाळ झाली. मी मोरीचं दार उघडं ठेवलं, म्हटलं, येतील तर येतील.

बेल वाजली. पुढची.

दार उघडलं तर निकुंभ साहेब. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, चपला दाराबाहेर नीट जोडून काढलेल्या. "आत येऊ ना वहिनी?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. आत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि सोफ्यावर बसले.

"सोफा चांगला आहे तुमचा," ते म्हणाले.

मोरी बघा म्हणावं की काय, असं मनात येऊन गेलं. तेच म्हणाले, "वहिनी, चहा घेईन थोडा."

"ठेवते ना. आत्ता ठेवते."

"आल्याचा," ते म्हणाले. मग गुडघ्यावरचे हात बघत राहिले. "घरात आलं नसेल तर आणायला पाठवा कुणाला. मला काही घाई नाही. बसतो मी."

आलं ओट्यावरच्या टोपलीत होतं. एक तुकडा त्यांच्याही खिशात असणारच. आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना म्हटलं, "अहो, आलं संपलंय, घेऊन या." सकाळी स्वतःच आणलेलं, त्यामुळे ते "अगं, पण" म्हणायला लागले. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते उठून चपला घालू लागले.

"नाक्यावर नका घेऊ," मी म्हटलं. "पार बाजारातून आणा."